अंगणात थंडी वाजतीय? गॅसचा हीटर राहू दे
साताऱ्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री अंगणात बसायचं म्हणजे दात वाजतात, पण गॅसचा हीटर आणू नका, ऊब बरीचशी वाऱ्यावर जाते. आधी वाराच अडवा, ज्या बाजूनं झोंबतो तिकडं बांबूचा तट्ट्या नाहीतर ताडपत्री बांधायची, अर्धं काम तिथंच होतं. पश्चिमेकडं तोंड असलेली काळ्या दगडाची भिंत असेल तर तिला टेकून बसा, दुपारभर तापलेली असते, पाठीला लगेच कळतं. वर घोंगडं, मांडीवर गरम पाण्याची पिशवी. तरी भागेना तर शेगडी, त्यात वाळलेलं लाकूडच, ओलं घातलं की नुसता धूर (शेजारच्या काकू काय बोलल्या ते जाऊद्या). प्लास्टिक, टायर अजिबात नको. आणि विझत आलेली शेगडी घरात नेऊ नका, निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो आणि त्याला वास नसतो.