कर्नल सुरू होताच मशीन रीस्टार्ट होतंय? हार्डवेअर तपासणीतल्या या चुका टाळा

स्वतःचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहायला घेतलेल्या जवळपास प्रत्येकाची पहिली तक्रार हीच असते: ग्रब या बूटलोडरच्या मेनूत एंटर दाबलं, स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि मशीन पुन्हा बायोसवर. एरर नाही, मेसेज नाही. हा ट्रिपल फॉल्ट. एक्सेप्शन (प्रोसेसरने दाखवलेली चूक) आलं, ते हाताळायला आयडीटी (कोणत्या एक्सेप्शनला कुठला कोड चालवायचा याचा तक्ता) तयार नव्हती, डबल फॉल्ट आला, तोही कोणी झेलला नाही, म्हणून प्रोसेसर रीसेट झाला. पुष्कळदा मुळाशी एकच गोष्ट निघते: प्रोसेसरला जे येत नाही, किंवा येतं पण अजून चालू केलेलं नाही, ते कर्नलने वापरलं. इथली सगळी उदाहरणं ६४-बिट एक्स८६ ची आहेत.

सुरुवात लाँग मोडच्या, म्हणजे प्रोसेसरच्या ६४-बिट मोडच्या, तपासणीपासून करू. सीपीयूआयडी या, प्रोसेसरला काय येतं ते सांगणाऱ्या सूचनेला हेक्स ८००००००१ हे लीफ (माहितीचं क्रमांक दिलेलं पान) विचारायचं आणि ईडीएक्स रजिस्टरमधला २९ क्रमांकाचा बिट पाहायचा, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. त्याआधी हेक्स ८००००००० विचारून प्रोसेसरला कुठपर्यंतची लीफं माहीत आहेत ते ईएएक्समधून घ्यावं लागतं, ही पायरी मात्र गाळली जाते. माहीत नसलेलं लीफ विचारलं तर इंटेलचा प्रोसेसर एरर देत नाही. त्याच्याकडच्या सर्वांत मोठ्या बेसिक लीफची माहिती तो परत करतो. मग तुम्ही वाचता तो २९ वा बिट भलत्याच गोष्टीचा असतो.

ही पायरी लिहिणारेही तुलना करताना फसतात. तुलना अनसाइन्डच हवी. हेक्स ८००००००१ ही संख्या साइन्ड धरली तर ऋण होते आणि जुन्या प्रोसेसरने परत दिलेला साधा २ सुद्धा तिच्यापेक्षा मोठा ठरतो. असेंब्लीत ‘जेबी’ (अनसाइन्ड ‘लहान असेल तर उडी’) ऐवजी ‘जेएल’ (तीच उडी, पण साइन्ड) लिहिलं गेलं की तपासणी नेमकी ज्या मशीनवर अडवायला हवी तिथेच पास होते. नव्या लॅपटॉपवर ही चूक कधीच दिसणार नाही, म्हणून कोड वाचतानाच ती शोधा.

लीफ ७ ची गंमत वेगळी. स्मेप आणि स्मॅप (कर्नलला यूजरच्या मेमरीतला कोड चालवण्यापासून आणि ती मेमरी वापरण्यापासून अडवणारी फीचर्स) यांचे बिट तिथे आहेत, पण विचारण्याआधी ईसीएक्समध्ये शून्य ठेवावं लागतं. तिथे आधीचा कचरा राहिला तर दुसरंच सबलीफ (लीफचा उपभाग) येतं आणि असलेलं फीचर ‘नाही’ दिसतं.

शिवाय सीपीयूआयडी ईएएक्स, ईबीएक्स, ईसीएक्स आणि ईडीएक्स अशी चारही रजिस्टरं पुसून नवी माहिती भरते. मल्टिबूटने (बूटलोडर आणि कर्नल यांच्यातला ठरलेला करार) मॅजिक नंबर ईएएक्समध्ये आणि माहितीचा पत्ता ईबीएक्समध्ये दिलेला असतो. ते दोन्ही आधी बाजूला ठेवले नाहीत तर तपासणी उत्तम होते, कर्नल वर येतो आणि मेमरी मॅप वाचताना कोसळतो. मग माणूस बिचारा मेमरीच्या कोडमध्ये चूक शोधत बसतो.

बिट आहे म्हणजे वापरता येतं, असं नाही

माझ्या मते सर्वाधिक वेळ इथेच वाया जातो. एव्हीएक्सचा (एकाच वेळी अनेक संख्यांवर काम करणाऱ्या सूचनांचा) बिट दिसला तरी सीआर४ या कंट्रोल रजिस्टरमधला १८ वा बिट लावून, मग एक्ससेटबीव्ही सूचनेने एक्ससीआर० रजिस्टरमध्ये परवानगी दिल्याशिवाय पहिल्याच एव्हीएक्स सूचनेवर इनव्हॅलिड ऑपकोड येतो. एसएसईसाठी (एव्हीएक्सच्या आधीचा तसाच सूचनासंच) सीआर४ चा ९ वा बिट हवा. त्यात जीसीसी कंपायलर ६४-बिट कोडमध्ये एसएसई आपणहून वापरतो, अगदी एखादं स्ट्रक्चर कॉपी करायलासुद्धा. म्हणजे तपासणीचं फंक्शन सी मध्ये असेल तर तेच एसएसईवर कोसळू शकतं. कर्नलचा कोड फक्त जनरल रजिस्टरं वापरूनच कंपाइल करा.

पेज टेबलात (मेमरीच्या पत्त्यांच्या नकाशात) हाच प्रकार एनएक्सचा, म्हणजे पेजमधून कोड चालवू न देणाऱ्या बिटचा. ६३ वा बिट लावला, पण एफर रजिस्टरमधला ११ वा बिट चालू केला नाही, तर प्रोसेसर ६३ वा बिट राखीव समजतो आणि पेज फॉल्ट देतो. एक जीबीच्या पेजेसचंही तसंच. स्वतःच्या प्रोसेसरवर ती चालतात, पण क्यूईएमयू या एम्युलेटरच्या डीफॉल्ट ‘क्यूईएमयू६४’ मॉडेलमध्ये त्यांचा सीपीयूआयडी बिटच नसतो आणि कर्नल पडतो. क्यूईएमयूला इंटरप्ट्सचा लॉग काढायला आणि रीबूट न करायला सांगा. लॉगमध्ये व्हेक्टर १४ (पेज फॉल्टचा क्रमांक) आणि एरर कोड ९ दिसला तर पेज आहे, पण राखीव बिट लागलाय, इतकं स्पष्ट उत्तर मिळतं.

कधी बिटच चुकीचं सांगतो. काही पेंटियम एम प्रोसेसरना पीएई (३२-बिट मोडमध्ये ४ जीबीपेक्षा जास्त मेमरी वापरण्याची सोय) येत होतं, पण सीपीयूआयडीत ते दिसत नव्हतं. त्यांच्यासाठी लिनक्समध्ये ‘फोर्सपीएई’ हा पर्याय आला. उलट २०१९ मध्ये रायझन ३००० मालिकेत आरडीरँडचा (यादृच्छिक संख्या देणाऱ्या सूचनेचा) बिट होता, सूचना यशस्वी झाल्याचंही सांगत होती, पण बायोसची दुरुस्ती येईपर्यंत दर वेळी सगळे बिट १ असलेली तीच संख्या मिळत होती. अशा फीचरची उत्तरं दोन-चारदा घेऊन ताडून पाहायलाच हवीत.

अडलात तर बोला

तपासणी फेल झाल्यावर नुसतं एचएलटी (प्रोसेसर थांबवणारी सूचना) करून थांबू नका. हा कर्नल एक्स८६-६४ साठी आहे, पण इथे आय६८६ सापडला, असं लिनक्स स्वच्छ सांगतो. बायोसवर हेक्स बी८००० या पत्त्यावर अक्षरं लिहिता येतात. यूईएफआयवर (बायोसची जागा घेणारं नवं फर्मवेअर) त्या टेक्स्ट मेमरीच्या भरवशावर राहता येत नाही, म्हणून सीरियल पोर्टवरही लिहा.

आणि बाकीचे कोर विसरू नका. एफर आणि सीआर४ प्रत्येक कोरचे वेगळे असतात. दुसरा कोर १६-बिट रिअल मोडमध्ये जागा होतो. पहिल्यावर लावलेला एनएक्सचा बिट त्याला ठाऊक नसतो. लिनक्समध्ये तपासणीचा तोच कोड दुसऱ्या कोरच्या ट्रॅम्पोलिनमध्येही (जागा झालेल्या कोरला ६४-बिट मोडपर्यंत नेणाऱ्या छोट्या कोडमध्येही) चालतो. सगळे कोर सारखेच असतील हेही धरून चालू नका: २०२१ च्या आल्डर लेकमध्ये मोठ्या कोरमध्ये एव्हीएक्स-५१२ चं हार्डवेअर होतं, छोट्यांत नव्हतं, आणि शेवटी इंटेलने ते बंदच केलं.

हे सगळं लिहून झालं की क्यूईएमयूमध्ये सीपीयू म्हणून ‘पेंटियम’ निवडा, मग ‘क्यूईएमयू६४’ मधून एनएक्स काढून चालवा. दोन्ही वेळा स्क्रीनवर तुमचा मेसेज दिसायला हवा. मशीन रीस्टार्ट झालं तर तपासणी अजून अपुरी आहे.