घरातली जुनी पोथी: नोंद कशी करावी, जपावी कशी

देवघराच्या फडताळात, माळ्यावरच्या ट्रंकेत, नाहीतर गावाकडच्या कोनाड्यात लाल कापडात बांधलेली हस्तलिखित पोथी अजूनही पुष्कळ घरांत निघते. ती हाती आली की पहिली इच्छा होते दुरुस्तीची. फाटलेलं पान चिकटवू, डाग पुसू, लॅमिनेशन करून आणू. यातलं काहीही करू नका. दुरुस्ती वर्षभर थांबली तरी फारसं बिघडत नाही, पण सेलोटेप एकदा लागली की तिचा गोंद कागदात मुरतो आणि काढताना अक्षरंही घेऊन येतो. आपलं काम नोंद करण्याचं आणि पोथी आहे तशी टिकवण्याचं.

उघडण्याआधी

टेबलावर धुतलेली पांढरी चादर अंथरा. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. हातमोजे नकोत, सुती मोज्यांत पानाची झिजलेली कड अडकते. चहा, पाणी आणि बॉलपेन दुसऱ्या खोलीत ठेवा, टिपणं पेन्सिलीने घ्या. बुरशीचा वास येत असेल तर तोंडाला मास्क लावा. काही पानांवर पिवळे पट्टे दिसतील. चुकलेली अक्षरं झाकायला लेखनिक हरताळ नावाचा पिवळा रंग लावत, आणि हरताळात आर्सेनिक असतं. म्हणून पान उलटताना बोटाला थुंकी लावायची सवय इथे सोडायची, आणि काम झाल्यावर पुन्हा हात धुवायचे.

बासन, म्हणजे पोथीभोवती बांधलेलं कापड, सोडल्यावर पानं ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने राहू द्या, क्रम चुकलेला दिसला तरी. पोथीच्या पानाचा क्रमांक बहुधा मागच्या बाजूच्या समासात असतो, त्याच्याजवळ ग्रंथाच्या नावाची एकदोन अक्षरं. क्रम नंतर कागदावर लावता येतो.

फोटो

मोबाइल पुरतो. पंचवीस सेंटिमीटर लांबीचं पान चार हजार पिक्सेलच्या रुंदीत भरून घेतलं तर दर इंचाला ४०० पिक्सेल मिळतात, आणि वाचायला, छापायला ते भरपूर झाले. फ्लॅश बंद ठेवा, खिडकीचा उजेड घ्या, पण ऊन थेट पानावर नको. फोन स्टँडवर पानाला समांतर बसवा, नाहीतर ओळी तिरक्या येतात. शेजारी सेंटिमीटरची पट्टी ठेवा. दोन्ही बाजू काढा, कोरी पानंसुद्धा. कोऱ्या पानावर कधी घरातल्या जन्मवेळा, कधी उसनवारीचा हिशेब लिहिलेला असतो, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला तो मूळ ग्रंथापेक्षा मोलाचा वाटू शकतो. फाइलला नाव द्या: पोथीचा क्रमांक, मग ००१अ, ००१ब. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत आकसते, ती जपण्याची प्रत समजू नका. मूळ फाइल तीन ठिकाणी हव्यात, त्यातलं एक दुसऱ्या घरी.

नोंदीत काय लिहावं

ग्रंथाचं नाव, कर्ता, भाषा, लिपी (बाळबोध म्हणजे देवनागरी, की मोडी), पानांची संख्या, लांबी-रुंदी, एका पानावरच्या ओळी, चित्रं असतील तर कोणत्या पानावर कशाची. आरंभ लिहिताना ‘श्रीगणेशाय नमः’ वर थांबू नका, ते जवळजवळ सगळीकडेच असतं. पुढची ओळ उतरवा.

सगळ्यात जास्त वेळ शेवटच्या पानाला द्या. तिथे पुष्पिका असते: लेखनिकाचं नाव, गाव, तिथी, शक, संवत्सर. शकात ७८ मिळवले की इसवी सन निघतो. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथीला बहुधा ७९ मिळवावे लागतात. वाचलेला शक बरोबर आहे का हे संवत्सरावरून, म्हणजे साठ नावांच्या चक्रातल्या वर्षाच्या नावावरून, पडताळता येतं. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो प्रभव या पहिल्या नावापासून मोजलेला संवत्सर (बाकी शून्य आली तर साठावा, क्षय). शिवराज्याभिषेकाचा शक १५९६ घ्या: १६०८ ला ६० ने भागून बाकी ४८, आणि अठ्ठेचाळीसावा आनंद. राज्याभिषेकाचा संवत्सरही तोच, म्हणजे जुळलं. तुमच्या पोथीत जुळलं नाही तर आकडा पुन्हा बघा. जुळलं तरी एक शंका मनात ठेवा, कारण काही लेखनिक समोरच्या प्रतीतली जुनी पुष्पिका तशीच उतरवून ठेवत.

ठेवायची कशी

पुष्पिकेच्या खाली अनेकदा हा श्लोक भेटतो:

तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात् ।
मूर्खहस्ते न दातव्यमेवं वदति पुस्तकम् ॥

तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून मला राख, मूर्खाच्या हाती देऊ नको. जतनाचे नियम यापेक्षा थोडक्यात कुणी सांगितले नसतील. आपल्याकडे तेल आणि पाणी दोन्ही येतं ते भक्तीने: समईचा हात, अभिषेकाचे शिंतोडे, पानावरच वाहिलेलं हळदकुंकू. पूजा जरूर करा, पण बासनाची. कुंकू कापडाला लावा, उदबत्ती लांब ठेवा.

बांधणी घट्ट हवी ती धूळ, दमट हवा आणि कसर (कागद खाणारी कीड) आत शिरू नये म्हणून. वर-खाली लाकडी फळ्या असतील तर उत्तम, नसतील तर जाड पुठ्ठा चालेल. कापड मांजरपाटाचं, खळ जाईपर्यंत धुतलेलं. नवं लाल कापड घ्यायचं तर रंग सुटणं थांबेपर्यंत धुवा. रबरबँड नको, डांबरगोळ्याही नकोत. वेखंड किंवा वाळलेला कडुनिंब पुरचुंडीत बांधून पोथीच्या शेजारी ठेवा, पानांत नाही. त्याच्या जोरावर कसर लागणारच नाही असं मात्र धरून चालू नका. पावसाची ओल येणाऱ्या भिंतीला कपाट टेकवू नका. दसऱ्याला सरस्वतीपूजनासाठी पोथी बाहेर निघतेच, पाऊसही सरलेला असतो. तेव्हाच ती सावलीत उघडून पानं तपासा.

चित्रांच्या पानांना जास्त जपा. रंग डिंकात कालवलेले असल्याने जुने झाले की पोपडे सुटतात, म्हणून तिथे ब्रशसुद्धा फिरवू नका. हिरव्या रंगात जंगाल (तांब्यापासून केलेला रंग) असेल तर तो पानाच्या मागच्या बाजूने कागद तपकिरी करतो, पुढे तिथे पान तुटतं. असं पान किंवा एकमेकांना चिकटलेली पानं दिसली की फोटो काढून थांबा आणि जतनतज्ज्ञाला दाखवा.

कायदा आणि पुढचा मुक्काम

७५ वर्षांहून जुनं, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा कलात्मक मोलाचं हस्तलिखित १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं. त्यात चित्रं असतील तर नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते. त्याने मालकी जात नाही. अशी पोथी खाजगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही. अमेरिकेतल्या मुलाला आजोबांची पोथी हवी असेल तर त्याला फोटोंचा संच द्या.

घरात पुढे कुणी सांभाळणार नसेल तर पुण्यातली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था, भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ यांच्याकडे हस्तलिखितांचे मोठे संग्रह आहेत. जाण्याआधी नोंदीचा कागद आणि पाच-सहा फोटो पाठवून विचारा. पोथी दिलीत तर पोच घ्या, आणि ती कोणत्या घरातून, कोणत्या गावातून आली हे त्या पोचेवर लिहून घ्या.