फॉर्मवरचे गुण किती घटले, आणि त्या बाई काय म्हणाल्या?

मानसोपचाराच्या संशोधनात नव्याने येणाऱ्या मुलामुलींचा पक्ष बहुतेक वेळा आधीच ठरलेला असतो. उपचारांचा उपयोग झाला का हे ठरवायला कुणाला फक्त आकडे हवेत, कुणाला फक्त माणसांचे अनुभव. मी मुंबईत समुपदेशन आणि संशोधन दोन्ही करते. माझं सांगणं एवढंच, की एकाच व्यक्तीकडून दोन्ही घ्या आणि दोन्हींचं जिथे पटत नाही तिथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

उदाहरण देते, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून. विरारहून चर्चगेटला नोकरीला येणाऱ्या एका बाईंनी उपचारांच्या आधी आणि नंतर पीएचक्यू-९ भरली. नैराश्यासाठीची ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली. गेल्या दोन आठवड्यांत कोणता त्रास किती वेळा झाला, त्यावर प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. त्यांचे आधी १६ होते, शेवटी ११. पाच गुणांची घट दखल घेण्याजोगी मानतात, पण १० आणि त्यापुढे मध्यम नैराश्याचा संशय धरतात, म्हणजे त्या अजून रेषेच्या वरच. मूळ कागद काढून एकेक उत्तर पाहिलं, तर झोप आणि थकवा या दोन्हींना दोन्ही वेळा तीन-तीन. पहाटे उठून डबे करायचे, मग गर्दीत उभ्याने लोकलचा प्रवास, परतायला रात्र. हा थकवा समुपदेशनाने कसा जाणार? मुलाखतीत मात्र त्या म्हणाल्या, "आता सासूबाई काही बोलल्या तर दिवसभर तेच डोक्यात घोळत नाही. काय ते बोलून मोकळी होते." हा बदल प्रश्नावलीत पकडायची सोयच नव्हती. म्हणून नुसती बेरीज एक्सेलमध्ये चढवू नका, नऊही उत्तरं वेगवेगळी ठेवा.

पण म्हणून मुलाखतच खरी, असंही नाही. समोर समुपदेशक बसलेली असली की आपली माणसं "ताई, तुमच्यामुळे खूप बरं वाटलं" म्हणणारच. आणि आमचा, म्हणजे उपचार करणाऱ्यांचा, अनुभव तर आणखी फसवा: मध्येच यायचे थांबले ते आमच्या आठवणीत राहत नाहीत. शिवाय लोक येतात ते त्रास अगदी शिगेला पोचल्यावर, तिथून काहींचा तो आपोआपही उतरतो. १९५२ मध्ये मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं: उपचार न घेताही बरे होणारे इतके असतील, तर उपचारांचं श्रेय कसलं? त्याला वजनदार उत्तर मिळालं १९७७ मध्ये. स्मिथ आणि ग्लास या संशोधकांनी सुमारे ३७५ अभ्यास एकत्र मांडून दाखवलं, की उपचार घेतलेली सरासरी व्यक्ती उपचार न घेतलेल्या ७५ टक्के लोकांपेक्षा बऱ्या स्थितीत असते. कितीही अनुभवी थेरपिस्ट असो, एकट्याच्या अनुभवातून हे उत्तर निघालं नसतं. तुलनेसाठी उपचार न घेतलेल्यांचा गट लागतो तो यासाठी.

तुमच्या प्रबंधात एवढं मोठं काही जमणार नाही, पण मुलाखत नीट घेता येते. ती उपचार करणाऱ्या व्यक्तीने घेऊ नये, वर्गातल्या मैत्रिणीला तयार करा. मानसोपचारावर संशोधन करणाऱ्या रॉबर्ट इलियट यांच्या 'चेंज इंटरव्ह्यू'मधले, म्हणजे थेरपीने काय बदललं हे विचारणाऱ्या मुलाखतीतले, प्रश्न मला फार आवडतात: काय बदललं, हा बदल अपेक्षित होता की आश्चर्याचा, आणि थेरपी नसती तर तो झाला असता का? शेवटचा प्रश्न विचारून गप्प राहा. "नोकरी बदलली ना, त्यामुळे असेल," अशी उत्तरं तिथेच येतात. फोनवर मुलाखत असेल तर आधी विचारा, "आत्ता घरात कोण आहे?" वन रूम किचनमध्ये मोकळेपणी बोलता येत नाही, बरेच जण जिन्यात येऊन बोलतात.

आणि पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न. तो मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे शून्याखेरीज काहीही असेल तर फॉर्म फाइलला लावायचा नाही, ती व्यक्ती उठून जायच्या आत तिच्याशी बोलायचं आणि त्याच दिवशी मार्गदर्शकांना कळवायचं. कोणत्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं हे पहिला फॉर्म वाटण्याआधी ठरवून ठेवा, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर माहितीपत्रकावर मराठीत, मोठ्या अक्षरांत छापा.