प्राचीन चिन्हांत आकाश शोधताय? या चुका टाळा

स्वस्तिक, चक्र, आठ टोकांची चांदणी अशी चिन्हं एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या संस्कृतींतही सापडतात. आकाश मात्र सगळ्यांच्या डोक्यावर एकच, त्यामुळे उगम तिथेच असणार असं वाटायला वेळ लागत नाही. कल्पना टाकाऊ नाही, घाईने ती बिघडते.

आकार जुळला की शोध लागला असं समजणं, ही सगळ्यात मोठी चूक. चीनमधल्या मावांगदुई इथे इ.स.पू. 168 च्या थडग्यात 1973 साली एक रेशमी पट सापडला. त्यावर धूमकेतूंची 29 चित्रं आणि प्रत्येकाचं भाकीत आहे. शेवटचं चित्र चक्क स्वस्तिकासारखं! फिरत्या गाभ्यातून वायूचे झोत सुटताना धूमकेतू तसा दिसू शकतो, असं खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी सुचवलं होतं. इथवर ठीक. पण म्हणून जगातलं प्रत्येक स्वस्तिक धूमकेतूवरून आलं असं होत नाही. युक्रेनमधल्या मेझिन इथे मॅमथच्या सुळ्यातून घडवलेल्या पक्ष्यावर तशीच नक्षी आहे. ती दहा हजार वर्षांहून जुनी, आणि सोबत मजकूर एका अक्षराचा नाही. काटकोनात वळणाऱ्या रेघा विणकामातही आपसूक उमटतात. बरं, ध्रुवाभोवती फिरणाऱ्या सप्तर्षींच्या चार ऋतूंतल्या जागा एकत्र काढल्या तरी स्वस्तिकच दिसतं. मग नुसत्या आकाराची साक्ष कितपत धरायची?

आजचं आकाश प्राचीनांवर लादू नका. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलत सुमारे 26,000 वर्षांत एक फेरी घेतो, त्यामुळे तारे उगवण्याच्या जागा हळूहळू सरकतात. कृत्तिका हा तारकापुंज पूर्वेपासून ढळत नाही असं शतपथ ब्राह्मण हा वैदिक ग्रंथ सांगतो. आज त्या पूर्वेच्या बऱ्याच उत्तरेला उगवतात. याच फरकावरून ज्योतिषाचे अभ्यासक शं. बा. दीक्षितांनी त्या उल्लेखाचा काळ इ.स.पू. 3000 च्या आसपास नेला. स्टेलेरियम या आकाश दाखवणाऱ्या संगणक प्रणालीवर पडताळताना एक वर्ष हमखास चुकतं: तिथे शून्य वर्ष धरतात, म्हणून इ.स.पू. 168 साठी -167 टाका.

न्यू मेक्सिकोतल्या चाको कॅन्यनमध्ये खडकावर हात, चंद्रकोर आणि मोठी चांदणी रंगवलेली आहे. 1054 च्या जुलैत वृषभ राशीत उजळलेला अतिनवतारा (स्फोट होऊन एकाएकी तेजाळलेला तारा) चिनी नोंदींप्रमाणे 23 दिवस भरदिवसा दिसत होता, आणि चाकोतून पाहता 5 जुलैच्या पहाटे चंद्रकोर त्याच्याजवळ होती. मोह पडावा असंच हे जुळणं! पण चंद्रकोरीशेजारी शुक्र तर वरचेवर येतो, आणि चित्राचं नेमकं वर्ष ठरलेलं नाही. आधी शुक्र खोडून दाखवा.

याउलट जर्मनीतली नेब्रा तबकडी, सोन्याने आकाश रेखलेली कांस्याची थाळी, बघा, साधारण इ.स.पू. 1600 ची. तिच्या कडेला समोरासमोर दोन सोनेरी कमानी होत्या. एक गळून पडली आहे. प्रत्येक कमान 82 अंशांची. त्या अक्षांशावर उन्हाळी आणि हिवाळी अयनदिनांच्या (वर्षातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसांच्या) सूर्योदयांतलं अंतरही क्षितिजावर जवळपास तेवढंच. तबकडीवरच्या सात ठिपक्यांच्या पुंजक्याला कृत्तिका म्हणतात. एकट्या ठिपक्यांवर मी विश्वास ठेवला नसता. कमानींमुळे ठेवावा लागतो.