तीनदा फर्स्ट इयर: एएनएम, जीएनएम आणि पोस्ट बेसिक

परवा तासगावहून मिरजेला येताना एसटीत शेजारी एक पोरगी बसलेली, बारावी आर्ट्स झालेली, हातात कुठल्यातरी ॲकॅडमीचं पत्रक. त्यात लिहिलेलं की आधी एएनएम (नर्सिंगचा पहिल्या पायरीचा कोर्स) करा आणि मग जीएनएमला (त्याच्या वरचा नर्सिंग डिप्लोमा) डायरेक्ट सेकंड इयरला बसा. मी विचारलं हे तुला कुणी सांगितलं, तर म्हणाली सरांनी. मग काय, उतरेपर्यंत तिचं डोकं खाल्लं मी, आणि घरी आल्यावर वाटलं हे सगळं एकदा लिहूनच टाकावं, कारण मी हा जिना सगळा पायानं चढलेय आणि तेव्हा मला सांगणारं कुणी नव्हतं.

तर आधी तेच. एएनएम झालेल्याला जीएनएमला सेकंड इयर मिळत नाही. प्रवेशाला पात्र धरतात, बास, पण तीन वर्षं पहिल्यापासून. अमेरिकेत म्हणे एलपीएन (तिकडची खालच्या पायरीची नर्स) झालेल्याला आरएनला (रजिस्टर्ड नर्सला) जाताना आधीच्या शिक्षणाचं क्रेडिट मिळतं, कोर्स तेवढा कमी होतो, तसलं आपल्याकडं नाही. आपल्याकडं खरी पायरी एकच, जीएनएम झालेल्यांसाठी पोस्ट बेसिक बीएस्सी, २ वर्षांची. तिथं तुमचं जीएनएम धरलं जातं. बाकी प्रत्येक वेळी परत फर्स्ट इयर, परत नवीन युनिफॉर्म, परत रॅगिंगचं ॲफिडेव्हिट.

हिशोब करून बघा. एएनएम २, जीएनएम ३, पोस्ट बेसिक २, म्हणजे ७ वर्षं, आणि शेवटी हातात येते बीएस्सी. तीच बेसिक बीएस्सी बारावी सायन्सवाली पोरगी ४ वर्षांत करते (माझ्या वेळी तर जीएनएम साडेतीन वर्षांचं होतं, ते सोडूनच द्या). म्हणून ज्यांच्याकडं पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) आहे, ४५ टक्के आहेत आणि घरचे चार वर्षं थांबायला तयार आहेत त्यांनी उगीच शिडीच्या नादाला लागू नये, सीईटी द्यावी आणि सरळ बीएस्सी करावी. शिडी आमच्यासारख्यांसाठी, आर्ट्सवाल्यांसाठी, किंवा ज्यांना दोन वर्षांत पगार चालू करायचाय त्यांच्यासाठी. मला करायचा होता. आमच्या आण्णांची द्राक्षबाग त्या साली डाऊनी रोगानं गेली आणि धाकटा भाऊ दहावीला.

एएनएमचा अभ्यास आमचा मराठीतून झाला. २०११ ला पास झाले आणि मिरजेत एका छोट्या प्रायव्हेट हॉस्पिटलला लागले. मिरजेत काय, वानलेस डॉक्टरांनी १८९४ साली दवाखाना उभा केला तेव्हापासून पेशंटची रीघ आहे, कर्नाटकातनं पण येतात, त्यामुळं नर्सला काम मिळत नाही असं होत नाही, पगार मिळतो का हा वेगळा विषय. एक सांगते, एएनएमवर जिल्हा परिषदेत आरोग्यसेविका म्हणून लागलात तर पुढं शिकायची घाई करू नका. उपकेंद्र, लसीकरण, घरभेटी, पुढं आरोग्य सहाय्यिका, ती लाईन वेगळी आणि चांगली आहे. मला ते जमलं नाही, भरतीची वाट बघण्यात दोन वर्षं गेली, आणि वॉर्डात रोज बघायचे की सलाईन मी लावतेय आणि फाईलवर सही जीएनएमवालीची. तिथनं डोक्यात बसलं.

जीएनएम २०१३ ते २०१७. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, सगळ्यांचं सारखंच असतं, केस बुकं, डिलिव्हरीच्या नोंदी पुऱ्या करायला लेबर रूमबाहेर रात्रभर बसणं, आणि इंग्लिश. इंग्लिशला घाबरू नका म्हणतात ते खोटं आहे, घाबरा, पण पहिल्या सहा महिन्यांत रोज एक पान लिहायची सवय लावा.

जीएनएम झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं आरएनआरएम (नर्स आणि मिडवाईफ म्हणून) रजिस्ट्रेशन होतं. हा कागद म्हणजे तुमचा सातबारा. मी सांगलीत गावभागात भाड्यानं राहायचे, सगळी ओरिजिनल पत्र्याच्या पेटीत, पेटी कॉटखाली. ऑगस्ट २०१९ ला पूर आला, आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं, मी तेव्हा हॉस्पिटलमध्येच अडकलेली, चार दिवस घरी जाता आलं नाही. गेले तेव्हा पेटीत चिखल. मार्कशीटा एकमेकीला चिकटलेल्या, रजिस्ट्रेशनवरची शाई उतरलेली. मग पोलिसात नोंद, ॲफिडेव्हिट, डुप्लिकेटचा अर्ज, मुंबईच्या चकरा, दर चकरेला एक सुट्टी आणि एका दिवसाचा पगार कट. आता सगळं स्कॅन करून ईमेलवर, मिस्टरांच्या फोनमध्ये आणि भावाकडं एक पेनड्राईव्ह. आणि रिन्यूअल ५ वर्षांनी असतं, त्याला सीएनईचे (नोकरी करताना घ्यायच्या ट्रेनिंगचे) तास लागतात, ते शेवटच्या वर्षी गोळा करायला गेलात तर रडाल.

२०२२ ला पोस्ट बेसिकला ॲडमिशन घेतली, इथल्याच एका अभिमत विद्यापीठाच्या नर्सिंग कॉलेजला. आपल्या भागात सोय चांगली आहे, कराडला कृष्णा, सांगलीत भारती, शिवाय नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाला जोडलेली कॉलेजेस. अभिमत विद्यापीठाचा फायदा म्हणजे हॉस्पिटल, पोस्ट बेसिक, एमएस्सी सगळं एका आवारात, पुढच्या वर्गातल्या मॅडम कँटीनला भेटतात आणि विचारता येतं. तोटा म्हणजे फी. मुलींना फी माफ झाली असं २०२४ पासून सगळे सांगतात, पण ती योजना अभिमत विद्यापीठांना लागू नाही, हे पैसे भरायच्या आधी माहीत पाहिजे, माझ्याबरोबरच्या धाकट्या बॅचमधल्या दोघी यात फसल्या.

आता पहिल्या आठवड्यातलं सांगते. डेमो रूममध्ये बेड मेकिंग. मी सात वर्षं वॉर्ड केलेली, त्यातली कोविडची दोन आयसीयूत, आणि आमच्या ट्युटर मॅडम माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. मी अर्ध्या मिनिटात चादर टाकली, कोपरा गादीखाली कोंबला आणि उभी राहिले. मॅडमनी काही न बोलता चादर एका हातानं ओढली, सगळी बाहेर. मग त्यांनी कोपरा केला, बाजू उचलून गादीवर तिरकी ठेवली, ४५ अंशात, खालचं आत, मग वरचं आत. म्हणाल्या ओढा ताई. ओढली, नाही निघाली. चुरगळलेल्या चादरीवर पेशंटच्या पाठीचं काय होतं ते मला माहीत होतं हो, सात वर्षं बेडसोर बघितलेत, पण ते कोपऱ्यापासनं चालू होतं असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

मग वॉर्डात एका पेशंटवर केअर प्लॅन लिहायचा. वाळव्याकडचे एक आजोबा, पॅरालिसिसचे, माकडहाडावर लाल झालेलं. आम्ही कामावर काय म्हणायचो, "तीन नंबरच्या पाठीला लागलंय, कूस बदला". बास. इथं असेसमेंट, नर्सिंग डायग्नोसिस, प्लॅनिंग, इंप्लिमेंटेशन, इव्हॅल्युएशन, आणि प्रत्येक कृतीपुढं रॅशनेल, म्हणजे हे का केलं. दोन तासांनी कूस बदलायची हे मला पाठ, का बदलायची हे लिहायला मला एक रविवार लागला. वैताग यायचा, नोकरीवाल्या सगळ्याच वैतागायच्या, "आम्हाला काय शिकवताय" असं. पण दुसऱ्या वर्षी रिसर्च आणि स्टॅटिस्टिक्स आलं, नर्सिंग एज्युकेशन, ॲडमिनिस्ट्रेशन आलं, तेव्हा कळलं की हा "का" लिहिता आला नाही तर पुढं काहीच जमत नाही. पहिल्या वर्षाला बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी आहे, आर्ट्सवाल्यांनी अकरावीची सायन्सची पुस्तकं आधी चाळून ठेवा, मी ठेवली नव्हती.

हाजिरी. थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीला ८० टक्के लागते परीक्षेला बसायला, आणि क्लिनिकलचे तास शेवटी १०० टक्के भरून द्यावे लागतात. पोराला डेंगू झाला तेव्हा माझे ११ दिवस बुडाले ते सुट्टीत एकटीनं भरले. त्यामुळं नाईट करून दिवसा कॉलेज करेन असं ठरवून येऊ नका, फुल टाईम कोर्स आहे, दोन वर्षं पगार नाही असं धरून चाला. आमच्या आत्या म्हणजे सासूबाई पोराला बघायच्या म्हणून निभलं, सुरवातीला मात्र त्याच म्हणायच्या आता या वयात कसली शाळा. सरकारी नोकरीतल्या सिस्टर्सना शासनाकडनं शिकायला पाठवतात, त्यांनी आधी ऑफिसला चौकशी करावी, राजीनामा देऊन येऊ नये.

पास होऊन काय मिळतं? खरं सांगायचं तर लगेच पगार दुप्पट वगैरे काही नाही. सरकारीत अधिपरिचारिकेला (स्टाफ नर्सला) जीएनएम चालतं. पण सीएचओच्या (कम्युनिटी हेल्थ ऑफिसरच्या) जाहिरातीत बीएस्सी मागतात, शिकवण्याकडं जायचं तर डिग्री लागते आणि एमएस्सीचं दार त्यानंच उघडतं. एमएस्सीला ५५ टक्के आणि एक वर्षाचा अनुभव.

या अनुभवावरच माझं घोडं अडलं. २०१७ ते २०२२ ज्या हॉस्पिटलला होते तिथं अपॉइंटमेंट लेटर कधी दिलंच नाही, पगार पाकिटातनं. कोविडनंतर ते बंद झालं, डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले रेकॉर्ड आता कुठं शोधू. पाच वर्षं काम केलेलं, कागदावर शून्य. मग पोस्ट बेसिकनंतर परत एक वर्ष स्टाफ म्हणून काढलं, फक्त त्या सर्टिफिकेटसाठी. तेव्हा जिथं लागाल तिथं पहिल्याच महिन्यात लेटर मागा, पगार बँकेत मागा, सोडताना रिलीव्हिंग आणि एक्सपिरियन्स एकाच दिवशी हातात घ्या, त्यात रजिस्ट्रेशन नंबर आणि तारखा बरोबर आहेत का बघा. लाज वाटते मागायला, मलाही वाटायची.

आता कम्युनिटी हेल्थ नर्सिंगच्या एमएस्सीला फॉर्म भरलाय. ती एसटीतली पोरगी मिरज स्टँडला उतरताना माझा नंबर घेऊन गेली, काल तिचा मेसेज आला की सरांना विचारलं तर ते म्हणाले सेकंड इयरचं आम्ही बघतो, तुम्ही आधी पाच हजार भरा. मी लिहिलं भरू नकोस, सोमवारी मला सुट्टी आहे, मार्कशीट घेऊन ये.