आधी विहिरीचा कठडा बघा, मग ब्लीचिंग पावडर

पाण्याला वास आला किंवा घरात कुणाचे पोट बिघडले की विहिरीत ब्लीचिंग पावडर पडते आणि विषय तिथेच संपतो. पण क्लोरीन मारते ते आज पाण्यात असलेल्या जंतूंना. पुढच्या पावसात कठड्याच्या भेगेतून जे आत झिरपणार आहे, त्याचा बंदोबस्त पावडरने होत नाही. म्हणून क्रम मोडू नका. आधी तपासणी करा, घाण कुठून शिरते ते शोधा, ती वाट बुजवा, त्यानंतर शुद्धीकरण करा आणि मग पुन्हा तपासणी.

काय तपासायचे, कधी तपासायचे

पाणी नितळ आहे यावर जाऊ नका. नायट्रेट आणि आर्सेनिकला ना रंग, ना वास, ना चव. टीडीएस मीटरवरही विसंबू नका. पाण्यातून वीज किती वाहते यावरून तो विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, एवढेच. त्यावर १५० आकडा दिसला म्हणून पाणी पिण्याजोगे ठरत नाही. जंतू त्याला कळतच नाहीत, आणि आर्सेनिक घातक ठरते ते इतक्या सूक्ष्म प्रमाणात की आकडा जागचा हलत नाही.

दरवर्षी कोलिफॉर्म (जंतूंचा एक गट) व त्यातलाच ई. कोलाय (आतड्यात राहणारा जंतू), नायट्रेट, पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे ते) आणि टीडीएस एवढे करून घ्या. विहीर किंवा बोअर नवी असेल, किंवा जुनीची तपासणी कधीच झाली नसेल, तर पहिल्या वेळी फ्लोराइड, आर्सेनिक, लोह, मँगनीज आणि जडपणाही पाहा. खडकातून उतरणारी ही द्रव्ये सहसा हळूहळू बदलतात; जंतूंचे चित्र मात्र एका सरीत पालटते. त्यामुळे जंतूंची तपासणी कोरड्या दिवसांत सोयीने उरकू नका, जोराच्या पावसानंतर करा. विहिरीची खरी परीक्षा तेव्हाच होते. पुराचे पाणी शिरले, पंप काढून पुन्हा सोडला किंवा चव-वास बदलला, तर वर्ष भरायची वाट पाहू नका.

नमुना घेताना

जंतूंसाठी प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटलीच हवी. धुतलेली पाण्याची बाटली चालत नाही. बाटलीच्या तळाशी पांढरी भुकटी किंवा थेंबभर द्रव दिसला तर तो कचरा समजून विसळू नका. ते सोडियम थायोसल्फेट असते. पाण्यात क्लोरीन असेल तर ते त्याला निष्प्रभ करते. नाहीतर प्रयोगशाळेच्या वाटेवर क्लोरीन जंतू मारत राहते आणि अहवाल खोटाच चांगला येतो.

नळ निवडा पंपापासून पहिला, टाकी आणि फिल्टर यांच्या आधीचा. तोंडाला जाळी असेल तर काढा. तोंड स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. धातूचा नळ ज्योतीने तापवला तरी चालेल. पाणी ३ ते ५ मिनिटे वाहू द्या, मग धार बारीक करा. झाकण हातातच, तोंड खाली करून धरा. जमिनीवर किंवा ओट्यावर ठेवू नका, आतून बोट लावू नका. किमान १०० मिली भरा, वर थोडी जागा ठेवा. बाटली बर्फाच्या डब्यात ठेवून ६ तासांत पोचवा, फार तर २४ तासांत. ती गोठू देऊ नका आणि वितळलेल्या पाण्यात बुडू देऊ नका.

उघड्या विहिरीतून पोहऱ्याने नमुना घेतला तर तपासणी पोहऱ्याची होते. त्याऐवजी निर्जंतुक बाटलीला स्वच्छ दोरी आणि वजनासाठी धुतलेला दगड बांधा. भिंतीला न लागता ती पाण्यात पूर्ण बुडवा आणि भरली की सरळ वर घ्या.

रासायनिक तपासणीची बाटली वेगळी असते. धातूंसाठीच्या बाटलीत आम्ल घातलेले असू शकते, तेव्हा हाताला लागू देऊ नका. शिशाचा नमुना मात्र बरोबर उलट घ्यायचा: पाणी पाइपात ६ तास साचू द्यायचे आणि नळ उघडताच येणारे पहिले १ लिटर धरायचे, कारण शिसे विहिरीपेक्षा पाइप, नळ आणि जोडांतून जास्त येते.

प्रयोगशाळा लांब असेल तर हायड्रोजन सल्फाइड चाचणीची तयार बाटली कामी येते; विष्ठेतले जंतू हा सडक्या अंड्याच्या वासाचा वायू तयार करतात आणि त्याने पाणी काळे पडते. पाणी खुणेपर्यंत भरून ३० ते ३७ अंशांना ठेवा. २४ ते ४८ तासांत काळे पडले तर विष्ठेचे प्रदूषण असण्याची शक्यता मोठी. ही फक्त आहे-नाही सांगणारी चाचणी आहे. पाण्याला मुळातच सडक्या अंड्याचा वास असेल तर ती उगाच काळी पडते.

अहवाल कसा वाचायचा

१०० मिलीत ई. कोलाय शून्यच हवे. एक जरी निघाला तरी माणसाची किंवा जनावराची विष्ठा पाण्यापर्यंत पोचली आहे. नुसते कोलिफॉर्म असेल तर ते मातीतूनही येते. तरी वरचे पाणी आत उतरते आहे, ही सूचना समजा. दोन्ही वेळा पिण्याचे पाणी खळाळून उकळी फुटल्यावर १ मिनिट उकळा, समुद्रसपाटीपासून २,००० मीटरच्या वर राहत असाल तर ३ मिनिटे. तुरटीने गढूळपणा बसतो, जंतू मरत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा अशा: नायट्रेट ५० मिलिग्रॅम प्रतिलिटर, फ्लोराइड १.५ मिलिग्रॅम आणि आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅम. नायट्रेटचा आकडा वाचताना एकक नीट पाहा. काही अहवाल तो ‘नायट्रोजन’ म्हणून देतात, तेव्हा हीच मर्यादा ११ होते. ‘१५ आले, ५० च्या आत आहे’ असे म्हणून पाणी पीत राहण्याची चूक इथेच होते. नायट्रेट जास्त असताना पाणी उकळले तर ते उलट दाट होते. ६ महिन्यांच्या आतल्या बाळाच्या दुधासाठी ते अजिबात वापरू नका. बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद त्याने घटते. कोळशाचा साधा फिल्टर नायट्रेट अडवत नाही, आरओ अडवतो.

घाणीची वाट शोधणे

पाऊस थांबल्यावर विहिरीपाशी जा. ऊन असेल तर आरशाने आत कवडसा पाडा, नसेल तर टॉर्च घ्या. विहिरीच्या आतल्या भिंतीच्या वरच्या ३ मीटरांत ओले ओघळ, शेवाळाची पट्टी किंवा दगडांमधून आलेली मुळे दिसली, तर पाणी तिथूनच उतरते आहे. पावसानंतर काही तासांत विहीर गढूळ होत असेल तर मातीतून गाळले न जाता ते थेट येते आहे.

सांधे सिमेंटने भरा; हा वरचा ३ मीटरचा भाग पाणी न झिरपणारा हवा. कठडा गुडघ्याच्या वर, निदान ७५ सेंटिमीटर ठेवा. भोवतीचा ओटा १ मीटर रुंद, बाहेर उतार असलेला, आणि त्याला सांडपाणी लांब नेणारा पाट. ओटा आणि कठडा यांच्या सांध्यातली केसाएवढी चीर बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ओट्यावर पाणी ओतून ते कुठे गायब होते ते पाहिले की ती सापडते. वर झाकण ठेवा. उपसा पंपाने, नाहीतर एकाच ठरलेल्या पोहऱ्याने, आणि तो टांगून ठेवायचा.

संडासाचा खड्डा, शोषखड्डा आणि गोठा किमान १५ मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला हवेत. उकिरडा तर आणखी लांब. जमीन भेगाळ खडकाची असेल तर १५ मीटरही पुरत नाहीत.

बोअरचे केसिंग (आत बसवलेला पाइप) जमिनीपासून ३० सेंटिमीटर वर हवे, टोपी घट्ट आणि हवेच्या नळीला बारीक जाळी. फवारणीच्या टाकीत पाइप बुडवून पाणी भरू नका. पंप बंद पडला तर औषध उलटे ओढले जाते. जवळ सोडून दिलेली बोअर असेल तर नुसता दगड न ठेवता ती नीट बुजवून घ्या.

शुद्धीकरण

गोल विहिरीतले पाणी काढायचे सूत्र: व्यास × व्यास × पाण्याची खोली × ७८५, मापे मीटरमध्ये, उत्तर लिटरमध्ये. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर २८,२६० लिटर.

नेहमीच्या शुद्धीकरणाला ताजी पावडर १,००० लिटरला २.५ ग्रॅम लागते, म्हणजे इथे सुमारे ७० ग्रॅम. ई. कोलाय निघाला असेल किंवा पूर शिरला असेल तर जोरदार मात्रा हवी: लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन. २५ टक्के क्लोरीनची पावडर असेल तर १,००० लिटरला २०० ग्रॅम, म्हणजे या विहिरीला सुमारे ५.६ किलो. पावडर उघडी राहिली की तिचा जोर उतरतो. गाठी झालेली, वास न येणारी पावडर मोजून काही उपयोग नाही.

हातमोजे आणि चष्मा घाला, मोकळ्या हवेत काम करा, प्लॅस्टिकची बादली घ्या. १५ लिटरच्या बादलीला अर्ध्या किलोपेक्षा जास्त पावडर नको. आधी थोड्या पाण्यात लापशीसारखी कालवा, बादली पाऊण भरा, ढवळा आणि १० मिनिटे निवळू द्या. वरची निवळी दुसऱ्या बादलीत काढा. खाली उरलेला चुना विहिरीत जाऊ देऊ नका, त्याने पाणी जड होते. निवळीची बादली दोरीने पाण्याखाली सोडा आणि खाली-वर, आडवी जोरात हिसळा. नुसती वरून ओतली तर तळापर्यंत मिसळत नाही. विहिरीत मात्र उतरू नका, आत प्राणवायू कमी असू शकतो.

नेहमीच्या मात्रेनंतर १ तासाने क्लोरीन मोजा. लिटरला ०.५ मिलिग्रॅम उरायला हवे. त्याहून कमी निघाले तर पाण्यातल्या घाणीने ते खाल्ले आहे. थोडी मात्रा वाढवून पुन्हा मोजा.

बोअरमध्ये पावडर टाकू नका, चुना आत बसतो. सुगंध न मिसळलेले ५ टक्क्यांचे द्रव सोडियम हायपोक्लोराइट घ्या. १५० मिलिमीटरच्या बोअरमध्ये दर मीटरला सुमारे १८ लिटर पाणी असते. ४० मीटर पाण्याला पाऊण लिटर द्रव पुरते. पंपाचा मुख्य स्विच बंद करून टोपी उघडा आणि द्रव बादलीभर पाण्यात मिसळून ओता. मग पंप लावून जवळच्या नळाचा पाइप बोअरमध्येच सोडा, केसिंगच्या आतल्या बाजू धुऊन निघतील. पाइपातून क्लोरीनचा वास आला की घरातला एकेक नळ वास येईपर्यंत सोडा. फिल्टर आणि आरओ आधीच वेगळे काढा.

जोरदार मात्रा विहिरीत असो वा बोअरमध्ये, १२ ते २४ तास पाणी वापरायचे नाही. नंतर वास जाईपर्यंत उपसा. हे पाणी सेप्टिक टँकमध्ये, ओढ्यात किंवा झाडांना सोडू नका.

आठवड्याने जंतूंची तपासणी करा आणि तोवर पाणी उकळूनच प्या. २-३ महिन्यांनी पुन्हा एकदा तपासा. ई. कोलाय परत दिसला तर पावडर वाढवू नका. ओट्याखाली आणि केसिंगभोवती पुन्हा शोधा. तिथे काहीच सापडत नसेल तर शोषखड्डा हलवणे, नाहीतर त्या विहिरीचे पाणी पिण्यासाठी सोडून देणे, एवढेच हातात उरते.