माशांचा मोठा टँक लावताय? आधी घरातले ड्रम मोजा, आणि या चुका टाळा

लातुरात आमच्याकडे नळ आला की घरभर पळापळ होते. आधी हौद, मग ड्रम, मग घागरी, आणि सगळ्यांच्या शेवटी माझा फिश टँक. चार फुटी टँक घेताना मी काच किती एमएमची, लाइट कुठला, मागचं पोस्टर कसलं, सगळं खोदून विचारलं होतं. दर आठवड्याला बदलायचं पाणी कुठून आणणार, हे ना दुकानदाराने विचारलं ना मला सुचलं.

हिशेब साधा आहे. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच म्हणजे 9 घनफूट. एका घनफुटात 28 लिटरच्या वर पाणी मावतं, म्हणजे काठोकाठ 255 लिटर. आठवड्याला पाव हिस्सा बदलायचा तर साठ-पासष्ट लिटर लागणार, आणि मासे काही नळाच्या वारावर घाण करत नाहीत. टँकसाठी 200 लिटरचा वेगळा, झाकणाचा ड्रम ठेवायला जागा असेल तरच चार फुटांच्या गोष्टी करा. नसेल तर दोन-अडीच फुटी टँकमध्ये गप्पी-प्लॅटीसारखे छोटे मासे सुखाने राहतात, त्यात कमीपणा नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते या गावाने पाहिलंय. त्या दिवसांत माशांसाठी दोन बादल्या मागायची कुणाची छाती झाली असती? काढलेलं पाणी मोरीत ओतू नका, कुंड्यांना घाला. तुळस अशी तरारते की खत विकत आणावं लागत नाही.

वजनाचं थोडक्यात: नुसतं पाणीच अडीचशे किलो, काच आणि वाळू धरली तर तीनशेच्या पुढे. टीव्हीच्या कपाटावर हा खेळ नको. लोखंडी स्टँड, टँकखाली थर्माकोलची शीट आणि लेव्हल तपासलेली फरशी एवढं हवंच. पश्चिमेच्या खिडकीजवळ तर मुळीच ठेवू नका.

पाणी कसलं आहे ते न बघता मासे आणणं

आपल्याकडे बोअरचं पाणी बहुतेक जड. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही. गंमत म्हणजे ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, ते मॉलीला मानवतं. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल हे पिल्लं देणारे मासे जड, क्षारयुक्त पाण्यातच खुलतात. तरी लोक हौसेने आरओचे जार आणून टँक भरतात. ‘स्वच्छ पाणी’ म्हणून. त्यात क्षार जवळजवळ नसतात, पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) घसरत जातो आणि मॉली जागच्या जागी थरथरायला लागते. मग औषधांच्या बाटल्या येतात. औषध नको, बोअरचं पाणी थोडं थोडं मिसळत जा.

आरओचं पाणी वाया जातं असंही नाही. उन्हाळ्यात पाणी उडून जातं, क्षार मात्र मागेच राहतात. तेवढी घटलेली पातळी भरायला आरओचं पाणी उत्तम.

गोल्डफिशला मे महिन्यात विसरणं

माझ्या मते मराठवाड्यात गोल्डफिश हा अवघड पाहुणा आहे. त्याला 18 ते 24 अंशांचं पाणी आवडतं, आपल्याकडे मेमध्ये बाहेर चाळिशी ओलांडते. तो खातो भरपूर आणि घाणही तेवढीच करतो. त्या घाणीतून अमोनिया तयार होतो. पीएच जितका वर आणि पाणी जितकं गरम, तितका तोच अमोनिया जास्त विषारी ठरतो. म्हणजे बोअरचं पाणी, उन्हाळा आणि गोल्डफिश हे त्रिकूट एकत्र आलं की पुण्या-मुंबईच्या मित्राच्या टँकमध्ये जे खपून जातं, ते इथे खपत नाही. म्हणून गर्दी नको. गोल पोटाच्या जातींसाठी पहिल्याला 75 लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला 40 लिटर धरा. वाळू-दगड वजा जाता चार फुटी टँकमध्ये चार मासे झाले. लांबट शरीराचा साधा गोल्डफिश फूटभर वाढू शकतो, तो टँकमध्ये नकोच. गप्पीही गोल्डफिशसोबत ठेवू नका. तोंडात मावेल ते तो गिळतो.

पाणी गार ठेवायला बर्फ टाकू नका. अचानक चढ-उताराने मासा खचतो. रांजणातलं पाणी जसं गार होतं तसंच करायचं: झाकण काढून जाळी लावा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा. आपल्या कोरड्या हवेत तापमान दोन-तीन अंश सहज उतरतं.

आज टँक, उद्या मासे

अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वसायला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या कुणाच्या जुन्या टँकमधला स्पंजचा तुकडा मिळाला तर काम लवकर होतं. पहिल्या आठवड्यात पाणी दुधाळ दिसलं की लोक घाबरून सगळं ओतून देतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. थांबा, ते आपोआप निवळतं. स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा.

बिघडलंच तर

सकाळी मासे वर येऊन तोंड उघड-मीट करत असतील तर रात्री वीज जाऊन पंप बंद पडला होता का ते आधी विचारा. गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी: 20 अंशांना लिटरभर पाण्यात साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन राहतो, 30 अंशांना साडेसातच. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात ठेवाच.

पाणी बदलल्यावर दुसऱ्या दिवशी मासे गेले, तर टँकरच्या पाण्यातल्या ब्लीचिंग पावडरवर, म्हणजे तिच्यातल्या क्लोरीनवर संशय घ्या. अँटीक्लोरीन (क्लोरीन घालवणारं द्रावण) घाला, किंवा उघड्या ड्रममध्ये एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून दिवसभर राहू द्या.

गोल्डफिश उलटा तरंगतोय? बहुधा अति खाऊ घातलंय. दोन दिवस उपास, मग उकडून सोललेला मटार.

गप्पी-मॉलीच्या पिल्लांचा सुळसुळाट झालाय? मादी नराचं बीज महिनोन्‌महिने साठवते, नर काढले तरी दर महिन्याला बाळंतपण होतच राहतं. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवल्या तर निदान माद्यांची दमछाक होत नाही. जास्तीचे मासे नदी-तलावात मात्र सोडू नका.

ते खपतात कुठे? ‘माणसाला पाणी नाही अन् ह्याच्या माशांना बघा’ म्हणणाऱ्या शेजारच्या काकू गेल्या पावसाळ्यात स्टीलचा डबा घेऊन दारात आल्या. ‘अरे, हिवतापवाले म्हणायलेत गप्पी सोडा म्हणून. चार दे की, हौदात अळ्या दिसायल्यात.’ मी दहा दिले, आणि आता त्या हौदात ब्लीचिंग टाकायचं नाही, हे दोनदा बजावलं.